अक्कांचं हेलियम

वित्त विभागातला माझ्या टेबलावरचा फोन सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी वाजायचा. मी "हॅलो" म्हणायच्या आत पलीकडून आकडा यायचा. "साहेब, सत्तेचाळीस." आणि फोन ठेवल्याचा आवाज. नमस्कार नाही, फाइलचं काय झालं ही विचारणा नाही. विद्यापीठाच्या नोकरीत केस पांढरे केलेल्या माणसाला अर्ज, स्मरणपत्रं, शिष्टमंडळं आणि उपोषणाच्या धमक्या या सगळ्यांची सवय असते. नुसत्या आकड्याला काय उत्तर द्यायचं, हे कुठल्याच परिपत्रकात नव्हतं.

आकडा सांगणाऱ्या बाईंचं नाव विमल कांबळे, हुद्दा तांत्रिक अधिकारी. सगळं विद्यापीठ त्यांना अक्का म्हणे. त्या गडहिंग्लजच्या पलीकडच्या. तिकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात आणि बोलता बोलता कानडी कधी मिसळली ते बोलणाऱ्यालाही कळत नाही. त्या बाजूच्या बायकांसारख्याच त्या स्वतःबद्दल "मी आलो, मी बघतो" असं बोलत. आधी शिपाई त्यांना अक्का म्हणू लागले, मग विद्यार्थी. एका बैठकीत ते कुलगुरूंच्याही तोंडून निसटलं आणि इतिवृत्तात आलं, तेव्हापासून ते अधिकृतच झालं.

त्यांच्या ताब्यात विज्ञान इमारतीच्या तळमजल्यावरचं एनएमआर नावाचं यंत्र होतं. रसायनशास्त्रवाले नवा पदार्थ तयार करतात. त्याच्या रेणूत काय कशाला जोडलं गेलंय, ते या यंत्रातून कळतं. माझं विज्ञान दहावीला संपलं. अक्कांनी मला ते यंत्र एकदाच समजावून सांगितलं आणि अजून पाठ आहे. पुरुषभर उंचीची पांढरी टाकी. तिच्या पोटात तारेचं वेटोळं. ते द्रवरूप हेलियममध्ये बुडालेलं, इतक्या थंडीत, की यंत्र बसवताना एकदा सोडलेली वीज त्यात अजून आपली आपण फिरते आहे. त्यामुळे ती टाकी म्हणजे एक राक्षसी लोहचुंबक. हेलियम रोज थोडं उडून जातं आणि चार महिन्यांनी पुन्हा भरावं लागतं. पातळी तीस टक्क्यांखाली गेली, की वेटोळं कधीही तापू शकतं. तापलं, की बघता बघता सगळं हेलियम उकळून जातं.

"म्हणजे मग यंत्र मेलं?" मी विचारलं होतं.

"माणूस मेला की मेलाच, साहेब. ह्याचं तसं न्हाय. पुन्हा जितं झालं तर झालं, न्हाय तर न्हाय. आणि जितं करायला जेवढं पैसं लागतील, तेवढ्यात तुमचं अख्खं ऑफिस नवं हुईल, माणसांसकट."

ही आमची पहिली भेट. वार्षिक साठा पडताळणीसाठी मी आणि एक वयस्क प्राध्यापक, अशी आमची समिती त्या खोलीकडे गेली होती. दारात एक बांबूची दुरडी होती आणि दुरडीमागे अक्का. सुती साडी, पण पिन एकही नाही. केस नाडीनं बांधलेले, चष्मा प्लास्टिकचा, खोलीची किल्ली पितळेची.

"घड्याळ, मोबाइल, किल्ल्या, कार्डं. आणि तो पट्टा."

"पट्टा?"

"बक्कल लोखंडाचं हाय."

"छातीत काय बसवलंय का?" हा प्रश्न त्यांनी मग प्राध्यापकांना विचारला. प्राध्यापकांना तो आपल्या वयाचा अपमान वाटला. अक्का हटल्या नाहीत. "हाय का न्हाय, तेवढं सांगा. हृदयाला यंत्र लावलेला माणूस आत गेला तर ते बंद पडतंय. मग तुमचा सत्कार करायचा का शोकसभा घ्यायची, ते बाहेरचे ठरवतील." विद्यापीठातल्या सर्वांत महागड्या वस्तूची पडताळणी मी एका हातानं पॅन्ट धरून केली आणि वस्तू जागेवर असल्याची सही दुसऱ्या हातानं केली.

अक्कांचे वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते. शाळा सुटली, की अक्का त्यांचा डबा घेऊन जात आणि वडील जेवेपर्यंत त्यांच्या जागी बसून काट्याकडे बघत. काटा लाल रेघेकडे सरकला तर ओरडायचं, एवढंच काम. बीएस्सी होऊन त्या विद्यापीठात लागल्या, पुढं या यंत्रावर आल्या, पण काम तेच राहिलं. दर गुरुवारी त्या टाकीच्या बाहेरच्या कप्प्यात द्रवरूप नायट्रोजन भरत. पंधरा वर्षांत गुरुवार चुकला नव्हता. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा व्याह्यांना त्यांनी एकच अट घातली होती, वार कुठलाही धरा, गुरुवार सोडून. "आमच्यात मुहूर्त बघत न्हाईत, त्यामुळं सोपं गेलं," असं त्या मला म्हणाल्या.

आता विद्यापीठात पैसा कसा चालतो, ते सांगायला हवं, कारण अक्कांचं भांडण त्याच्याशीच होतं. यंत्र विकत घ्यायला दिल्लीहून अनुदान येतं. त्याची बातमी होते, फीत कापली जाते, यंत्राशेजारी उभे राहून पाच-सहा जण फोटो काढतात. यंत्र चालू ठेवायचा पैसा मात्र विद्यापीठानं आपल्या खिशातून काढायचा असतो. देखभालीवर कोनशिला बसवता येत नाही. त्यामुळे अंदाजपत्रकात ते खर्चाचं शीर्ष शेवटून दुसरं असतं आणि कात्री लावायची वेळ आली की पहिलं येतं.

"म्हस घ्यायला पैसं देतासा," अक्का म्हणत, "आणि वैरणीचं विचारलं की तरतूद न्हाय म्हणतासा. दूध मात्र समद्यास्नी पायजे."

त्या वर्षी हेलियमच्या पुरवठादाराचं आधीचं बिल आमच्याकडे अडकलं होतं. त्यानं कळवलं, आगाऊ पैसे मिळाल्याशिवाय माल निघणार नाही. आगाऊ पैसे द्यायला खास मंजुरी लागते. अक्कांनी फाइल पाठवली तेव्हा पातळी बावन्न होती आणि दर दोन दिवसांनी एकानं उतरत होती. फाइल माझ्या टेबलावर आली. मी वरचं पान वाचलं आणि वर्षानुवर्षं लिहीत आलेलं वाक्य लिहिलं, "तीन दरपत्रके जोडून फेरसादर करावे." फाइल आवक-जावक, विभागप्रमुख, पुन्हा आवक-जावक अशी फिरून अक्कांच्या हातात पोचली त्याला दहा दिवस लागले.

त्या स्वतः घेऊन आल्या. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फाइल माझ्यासमोर उघडली, पान उलटलं आणि बोट ठेवलं. "दुसरं पान."

दुसऱ्या पानावर प्रमाणपत्र होतं. या भागात हेलियम पुरवणारा हा एकच आहे, सबब तीन दरपत्रकांची अट लागू नाही. खाली विभागप्रमुखांची सही, शिक्का, सगळं. पहिल्या दिवसापासून होतं. आमच्याकडे फाइल म्हणजे वरचं पान. दुसरं पान उलटायची वेळ लेखापरीक्षक आल्यावरच येते.

"माझं चुकलं, अक्का."

"चुकू दे. पाच टक्कं गेलं. पुढं सरकवा."

त्या दिवसापासून सकाळचा फोन सुरू झाला.

मी फाइल त्याच दुपारी वित्त अधिकाऱ्यांकडे नेली. ते गृहस्थ स्वभावानं वाईट नव्हते. पण त्या महिन्यात त्यांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती, विज्ञान इमारतीशेजारच्या नव्या संशोधन भवनाचं उद्घाटन. मुख्य पाहुणे म्हणून एक बडे पुढारी येणार होते. रस्ता डांबरी झाला होता, झाडांना चुना लागला होता, आणि हे सगळं देखभालीच्या शीर्षातून. त्या वळवलेल्या रकमेच्या टिपणीवर माझीच सही होती, हे मी इथं लपवत नाही.

चार दिवसांनी वित्त अधिकाऱ्यांनी अक्कांना बोलावलं. मीही होतो.

"मॅडम, उद्घाटन होऊ द्या. मग बघू."

"साहेब, उद्घाटनाच्या दिवशी चौतीस असंल. त्यानंतर मंजुरी, मग ट्रक यायला चार-पाच दिवस."

"म्हणजे पोचतंय की."

"पोचतंय. मधी काय झालं न्हाय तर."

"काही होत नाही हो."

"तसं लिहून देता?"

वित्त अधिकाऱ्यांना अचानक मोबाइलवर काहीतरी महत्त्वाचं सापडलं. अक्का उभ्याच राहिल्या. पंखा फिरत होता. मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत होतो, सुट्ट्यांसकट. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं," आणि गेल्या. हा "बरं" त्यांनी कुठं नोंदवून ठेवला असेल, असा विचार माझ्या मनात आला.

त्रेचाळीस. बेचाळीस. आकडे आता मला त्यांच्या फोनआधीच पाठ असत. विज्ञान इमारतीत संशोधक विद्यार्थ्यांची रांग लागली होती. यंत्र बंद पडलं तर प्रबंध अडकणार, हे सगळ्यांना कळलं होतं. अक्का सकाळी आठला येत आणि अंधार पडायच्या आत शेवटचा नमुना काढून घेत. कुणी रडायला लागलं तर म्हणत, "रडायचं असंल तर बाहेर. आत दमट हवा नको." एक विभागप्रमुख आपल्या विद्यार्थ्याला रांगेत पुढं घालायला आले, तर अक्कांनी त्यांना यादी दाखवली. यादीत नाव, नमुने आणि प्रबंधाची मुदत होती. ज्याची मुदत जवळ तो आधी. प्रमुखांनी यादी नीट वाचली आणि ते परत गेले. अडतीस. सदतीस.

उद्घाटनाच्या दिवशी पातळी चौतीस होती.

कार्यक्रम आमच्याकडे होतो तसा झाला. पाहुण्यांना फेटा, शाल, श्रीफळ, आणि मानाची तलवार. भाषणांत 'जागतिक दर्जा' हे शब्द किती वेळा आले ते मी मोजायचं सोडून दिलं. मग कुलगुरूंच्या मनात आलं, की पाहुण्यांना आपलं एनएमआरही दाखवावं. मिरवणूक शेजारच्या इमारतीकडे निघाली. फोटोग्राफरनं पाहुण्यांना तलवार हातात धरायला सांगितली होती, फोटो चांगला येतो म्हणून. पाहुण्यांनी ती म्यानातून काढून खांद्याला लावली होती. तीस-चाळीस माणसं, पुढं तलवार, आणि तळमजल्याच्या त्या अरुंद बोळाच्या टोकाला दार. दारात अक्का.

मी मागच्या रांगेत होतो. त्यांनी हात आडवा धरल्याचं मला माणसांच्या डोक्यांवरून दिसलं.

"साहेब, तुम्ही या. तलवार बाहेर."

कुणीतरी हसलं. कुलगुरूंचे स्वीय सहायक पुढं झाले. "अहो मॅडम, मानाची तलवार आहे ती."

"मानाची असू दे की. लोखंडाची हाय."

"दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे, फोटो झाला की..."

"आत गेली तर साहेबांच्या हातात ऱ्हाणार न्हाय. टाकीला जाऊन बसंल. मधी कोण उभा असंल तर त्याच्यातनं जाऊन बसंल. त्यो धक्का टाकी सोसंल याची खात्री मी देत न्हाय. तुम्ही देता?"

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला. अक्कांचा आडवा हात खाली आला नाही. पाहुण्यांनी एकदा तलवारीकडे बघितलं, एकदा अक्कांकडे.

"कुठल्या तुम्ही, बाई?"

"गडहिंग्लज."

"तरीच," पाहुणे म्हणाले आणि त्यांनी तलवार सहायकांच्या हातात दिली. फेट्याची पिन, घड्याळ, दोन्ही मोबाइल दुरडीत पडले. मागोमाग कुलगुरूंचं घड्याळ. आत गेल्यावर पाहुण्यांनी टाकीभोवती एक चक्कर मारली आणि पाहुणे विचारतात तसं विचारलं, "मग, कसं काय चाललंय यंत्र?"

असल्या प्रश्नाला 'उत्तम, सर' हे एकच उत्तर असतं. ते विद्यापीठात आल्याच्या पहिल्याच दिवशी शिकवलं जातं. अक्का त्या दिवशी रजेवर असाव्यात.

"आठ दिवस चालंल," त्या म्हणाल्या. "हेलियम चौतीसवर हाय. तीसखाली गेलं की भरवसा न्हाय. मंजुरी उद्घाटनासाठी थांबलीया."

पाहुणे कुलगुरूंकडे वळले. "काय हो? शेजारी एवढी बिल्डिंग उठवताय, आणि हे?" कुलगुरूंनी वित्त अधिकाऱ्यांकडे बघितलं. वित्त अधिकाऱ्यांनी वळून मला शोधलं. माझ्यामागे भिंत होती. "बघा बघा," असं म्हणून पाहुणे जेवायला गेले. गाडीत बसेपर्यंत त्यांच्या ते लक्षात राहिलं असेल, असं मला वाटत नाही. पण त्यांच्या लक्षात राहिलं असेल, ही भीती विद्यापीठात राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर दोन कागद एकदमच आले. एक हेलियमच्या आगाऊ रकमेची मंजुरी. दुसरा, "श्रीमती कांबळे यांनी प्रमुख पाहुण्यांसमोर शिष्टाचारास न शोभणारे वर्तन केल्याबद्दल" कारणे दाखवा नोटीस. शिपायानं न्यायचे ते कागद मी स्वतः घेऊन गेलो.

अक्कांनी दोन्ही वाचले. "हिचं उत्तर किती दिवसांत?"

"सात."

"मग हेलियम आधी." नोटीस त्यांनी टेबलाच्या खणात टाकली आणि पुरवठादाराला फोन लावला.

त्यानंतरचे पाच दिवस मला त्रासाचे गेले, त्यांचं त्यांना माहीत. पैसे गेले, ट्रक मुंबईहून निघाला. आणि मग कळलं, की मंजुरी हेलियमची आहे, ते भरायला येणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरच्या भेटीची नाही. भेटीचं शीर्ष वेगळं. मी वरचं पान वाचून प्रस्ताव पुढं पाठवला होता, तिथंच ते राहून गेलं होतं. हे सांगायला मी विज्ञान इमारतीत गेलो तेव्हा मला वाटलं होतं, या वेळी तरी त्या ओरडतील.

"किती वेळा बघितलंय भरताना?" त्यांनी स्वतःलाच विचारलं आणि बोटांवर मोजलं. "बघितलंय लई. हात लावलाय दोनदा."

"थांबायचं का? दोन दिवसांत भेटीची मंजुरी..."

"एकतीस हाय, साहेब."

ट्रक दुपारी पोचला. अक्कांनी सगळ्या खिडक्या उघडल्या. हेलियम खोलीत भरलं तर श्वास घ्यायला हवा उरत नाही. मदतीला दोन संशोधक विद्यार्थिनी ठेवल्या, बाकी सगळ्यांना बोळाबाहेर काढलं. "मोठा आवाज झाला तर बघायला यायचं न्हाय. पळायचं," एवढंच सांगितलं. मी काचेच्या झरोक्यापाशी उभा राहिलो. मला काढायचं त्या विसरल्या, किंवा मुद्दाम राहू दिलं.

भरायची नळी आधी थंड करावी लागते. गरम वायू आत गेला तर उरलंसुरलं हेलियमही उकळतं, म्हणजे वाचवतानाच मारायची सोय. नळीच्या टोकातून पांढरी वाफ यायला लागली तेव्हा अक्कांनी ती टाकीत सोडली. छताजवळच्या पाइपातून उकळलेलं हेलियम बाहेर पडायला लागलं, तशी शिट्टी सुरू झाली, बारीक. मग ती चढू लागली. एका विद्यार्थिनीनं दाराकडे बघितलं. अक्कांनी झडप अर्धी बंद केली आणि हात तिथंच ठेवून उभ्या राहिल्या, डोळे मिटून. शिट्टी चढतच होती. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. शिट्टी एका उंचीवर अडली, थरथरली, आणि उतरायला लागली. अक्कांनी झडप पुन्हा उघडली, केसभर.

"आकडा वाच," त्या विद्यार्थिनीला म्हणाल्या.

"एकतीस. एकतीसच. बत्तीस, अक्का!"

"ओरडू नको. वाचत ऱ्हा."

संध्याकाळी पाचला पातळी शहाण्णव होती. नोटिशीचं उत्तर त्यांनी त्याच टेबलावर बसून लिहिलं. त्याची प्रत माझ्याकडे आली. "पाहुण्यांनी विचारले, मी सांगितले. सांगितलेले खरे होते. पुढच्या वेळी कार्यक्रमाआधी मला विचारावे."

पंधरा दिवसांनी 'प्रशासकीय कारणास्तव' त्यांची बदली परीक्षा विभागात झाली. निवृत्तीला दहा महिने होते. यंत्रावर कंत्राटी माणूस आला.

त्यानंतर मी त्यांना नीट असं एकदाच पाहिलं. दुपारच्या सुट्टीत विज्ञान इमारतीच्या मागच्या कट्ट्यावर त्या डबा खात होत्या. परीक्षा विभाग तिथून बराच लांब. मी शेजारी बसलो.

"इतक्या लांब जेवायला?"

"सावली बरी हाय."

सावली कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला होती. अक्का उन्हात बसल्या होत्या. पाठीमागच्या भिंतीपलीकडे ती खोली, आणि डोक्यावर भिंतीतून बाहेर आलेलं त्या हेलियमच्या पाइपाचं तोंड.

"यंदा तरतूद केली?" त्यांनी विचारलं.

"केली. बैठकीत निम्मी कापली."

त्यांनी घास चावता चावता हिशेब केला. "दिवाळीपतोर चालतंय."

त्यांनी भाकरी संपवली, डबा बंद केला आणि मान थोडी तिरकी करून बसल्या.

"काय ऐकताय?"

"कायच न्हाय," अक्का म्हणाल्या. "कायच ऐकू येत न्हाय, ते ऐकतोय. शिट्टी आली तर वंगाळ."

दोन वाजायला आले तशा त्या उठल्या, पदराला हात पुसले आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांकडे निघून गेल्या. माझ्याही टेबलावर फाइली पडल्या होत्या. मी उठलो नाही. उन्हात, त्यांच्याच जागेवर सरकून बसलो आणि वर पाइपाकडे कान लावला.